मेमरी फुल झाली? आधी व्हिडिओ पुसा, आवाज राहू द्या

मागच्या सप्टेंबरातली गोष्ट. सांजचे सात वाजले होते. झेरॉक्स मशीनवर कापड टाकून मी शटरला हात घालणार, तेवढ्यात गावातले एक काका आत आले. पायाला गुडघ्यापर्यंत काळी माती. फोन टेबलावर ठेवला, ठेवला म्हणजे आपटलाच.

"बाई, दिवसभर वावरात उभा राह्यलो. पऱ्हाटीचा फोटो निघूनच नाई रायला. हे डबडं जागा नाई म्हन्ते."

पऱ्हाटी म्हणजे कपाशीचं उभं पीक. ई-पीक पाहणीचे दिवस. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर आपल्या पिकाची नोंद शेतकऱ्यानं स्वतः मोबाइलवर करायची पद्धत आली. फोटो वावरात उभं राहूनच काढावा लागतो, लोकेशन चालू ठेवून. माझ्या दुकानात बसून तो निघत नाही. काका तीन किलोमीटर चालत परत आले होते. फोनमध्ये शिल्लक जागा १८० एमबी. कॅमेरा उघडायचा आणि लगेच बंद पडायचा.

दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर फाट्याला माझं दुकान आहे, बंद पडलेल्या शकुंतला रेल्वेच्या रुळांपासून हाकेच्या अंतरावर. रिचार्ज, झेरॉक्स, सातबारा, फॉर्म भरणं हे माझं काम. फोन रिकामा करून देणं पाटीवर लिहिलेलं नाही, पण दिवसातून दोन-तीन फोन त्याचेच येतात. त्या कामात मी काय करते, काय कधीच करत नाही आणि एकदा काय करून बसले, ते सगळं इथं लिहिते. हे अँड्रॉइड फोनबद्दल आहे, आमच्या फाट्यावर दुसरा फोन क्वचितच येतो.

आधी काट्यावर चढवा

फोन फुल झाला की माणूस गॅलरी उघडतो आणि फोटो पुसत सुटतो. पन्नास फोटो पुसले की थकतो. मोकळी झालेली जागा किती? दोनशे एमबी. दुसऱ्या दिवशी परत फुल.

कापूस विकायला नेला की गाडी आधी काट्यावर चढते. फोनचंही तसंच करायचं. सेटिंगमध्ये जाऊन 'स्टोरेज' उघडा. रेडमीत ते 'अबाउट फोन'मध्ये सापडतं, सॅमसंगमध्ये 'डिव्हाइस केअर'मध्ये. सापडत नसेल तर सेटिंगच्या वरच्या शोधपट्टीत 'स्टोरेज' टाइप करा. तिथं रंगीत पट्टी दिसेल आणि खाली कशानं किती जागा खाल्ली त्याचा हिशोब.

काकांचा फोन ६४ जीबीचा. हिशोब असा निघाला: सिस्टीम १६, अ‍ॅप ८, फोटो ७, ऑडिओ ३, व्हिडिओ २७. बाकी किरकोळ.

"सत्तावीस?" काका म्हणाले. "म्या त जिंदगीत दोन व्हिडिओ काढले. एक गोऱ्ह्याचा, एक नातीच्या बारशाचा."

खरं बोलत होते. फसगत इथंच होते. यादीत व्हॉट्सअ‍ॅपसमोर एखादा जीबी दिसतो, म्हणून माणूस ते सोडून देतो. पण व्हॉट्सअ‍ॅपवरून उतरलेले व्हिडिओ बऱ्याच फोनमध्ये 'व्हिडिओ'च्या खात्यात मोजले जातात. खाणारा एक, नाव दुसऱ्याचं.

सिस्टीमचे १६ जीबी सोडून द्या, त्याला हात लावता येत नाही. आणि एक घोळ इथंच मिटवते. खोक्यावर ४/६४ लिहिलेलं असतं, त्यातले चार म्हणजे रॅम आणि चौसष्ट म्हणजे साठवणुकीची जागा. रॅम म्हणजे अंगण, साठवण म्हणजे धान्याची कोठी. खालचं चौकोनी बटण दाबून उघडी अ‍ॅप झटकून टाकली म्हणजे जागा झाली, असं पुष्कळांना वाटतं. अंगण झाडल्यानं कोठी रिकामी होत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप: दहातल्या आठ फोनांचं दुखणं हेच

व्हॉट्सअ‍ॅप उघडा. तीन टिंबं, मग सेटिंग, मग 'स्टोरेज अँड डेटा', मग 'मॅनेज स्टोरेज'. फोन मराठीत असेल तर 'स्टोरेज व्यवस्थापित करा' असं काहीसं दिसेल. काकांचं व्हॉट्सअ‍ॅप एकटं २४ जीबी.

या पानावर वरच्या बाजूला दोन ढीग लावून ठेवलेले असतात. एक 'फॉरवर्डेड मेनी टाइम्स', म्हणजे अनेकदा पुढे ढकललेलं. दुसरा 'लार्जर दॅन ५ एमबी', म्हणजे ५ एमबीपेक्षा मोठं. दोन्ही ढिगांना वागणूक वेगळी द्यायची.

पहिल्या ढिगात पाच किंवा त्याहून जास्त हातांतून फिरत आलेला माल असतो. मेसेजवर दुहेरी बाण दिसतो, तोच. कोणत्या तरी राज्यातला अपघात, कोणत्या तरी बाबाचा काढा, माकडाची करामत. यात तुमच्या घरचं काही असायची शक्यता नाहीच जवळपास, आणि लागलंच तर गावात अजून वीस जणांकडे मिळेल. हा ढीग उघडा, वरून खाली एकदा झरझर नजर फिरवा, 'सिलेक्ट ऑल' करा आणि पुसा. काकांचे इथंच ७ जीबी मोकळे झाले. मिनिटभराचं काम.

दुसऱ्या ढिगात मात्र 'सिलेक्ट ऑल'ला हात लावू नका. इथं नातीचं बारसं आणि माकड शेजारी शेजारी बसलेले असतात. वर उजवीकडे क्रम लावायचं चिन्ह आहे, त्यात 'लार्जेस्ट' निवडा. सगळ्यात जड माल वर येतो आणि मग कळतं की चोर हजार नाहीत, वीस-पंचवीसच आहेत. काकांकडे वरून पहिला होता एक अख्खा पिक्चर, कोणीतरी डॉक्युमेंट म्हणून पाठवलेला, १.४ जीबी. व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट २ जीबीपर्यंत जाऊ शकतं, म्हणून पोट्टे पिक्चर तसेच पाठवतात. त्याखाली शंकरपटाचा, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीचा व्हिडिओ, ३८० एमबी. मग एका सप्ताहातल्या कीर्तनाचे अकरा तुकडे. मग तणनाशकाच्या जाहिराती, एकच जाहिरात चार ग्रुपवरून चारदा. पुसताना त्याच फाइलच्या सगळ्या प्रती पुसायच्या का असं विचारलं, तर हो म्हणा.

मी दुकानात एक नियम ठेवलाय. बोट माझं, पण 'डिलीट' दाबायच्या आधी फोनवाल्याचं तोंड पाहायचं. त्यानं मान हलवली तरच.

या दोन ढिगांच्या खाली एकेका चॅटचं वजन दिलेलं असतं. गावचा ग्रुप, भावकीचा ग्रुप, बचत गटाचा ग्रुप. एखादा ग्रुप पूर्णच साफ करायचा असेल तर त्यातल्या कामाच्या मेसेजवर बोट दाबून धरा आणि आधी तारा द्या. मग 'क्लिअर चॅट' करताना तारा दिलेले मेसेजही पुसायचे का, असा छोटा चौकोन येतो. त्यातली खूण काढून टाका. तारावाले राहतात, बाकीचं जातं.

गुड मॉर्निंगच्या फोटोंना सगळेच शिव्या घालतात. २०१८ साली ही बातमीच झाली होती की आपल्याकडचे फोन का भरतात ते शोधताना गुगलच्या माणसांना हे सकाळचे फूल-सूर्यवाले फोटो सापडले. त्यांनी आपल्या 'फाइल्स'च्या अ‍ॅपमध्ये ते वेगळे काढून पुसायची सोयही दिली. पण माझ्या टेबलावर येणाऱ्या फोनांचं सांगते, आता तो गुन्हेगार लहान आहे. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेला असा फोटो बहुतेक शे-दोनशे केबीचा असतो. हजार आले तरी शे-दोनशे एमबी. एक पिक्चर त्यांच्या सातपट-दहापट. डोळ्याला गर्दी फोटोंची दिसते, वजन व्हिडिओंचं असतं.

आता हे परत भरू नये म्हणून. त्याच 'स्टोरेज अँड डेटा'मध्ये खाली 'मीडिया ऑटो-डाउनलोड' आहे. मोबाइल डेटा, वाय-फाय आणि रोमिंग, असे तीन कप्पे. तिन्हींतल्या सगळ्या खुणा काढा. लोक म्हणतात, आमच्या घरी कुठं वाय-फाय? आहे ना. पोराच्या फोनवर रोजचे दीड-दोन जीबी मिळतात, तो बापाला हॉटस्पॉट देतो. बापाच्या फोनला ते वाय-फायच वाटतं. वाय-फायच्या कप्प्यात सगळ्या खुणा आधीपासून असतात, म्हणून रात्री जेवताना फोन शेजारी पडल्या पडल्या सगळे व्हिडिओ उतरवून घेतो. काकांच्या २७ जीबीचं मूळ हे होतं, घरातला हॉटस्पॉट.

'मीडिया व्हिजिबिलिटी' बंद केली की जागा वाचते, असं कोणी सांगेल. वाचत नाही. फोटो फक्त गॅलरीत दिसेनासा होतो, फोनमध्ये असतोच.

आणि 'सेंट' नावाचा एक विसरलेला फोल्डर. तुम्ही व्हिडिओ काढला, भाच्याला पाठवला. एक प्रत कॅमेऱ्याच्या फोल्डरमध्ये, दुसरी, थोडी दाबून लहान केलेली, व्हॉट्सअ‍ॅपच्या 'सेंट'मध्ये. फाइल मॅनेजर उघडून 'अँड्रॉइड', 'मीडिया', 'कॉम डॉट व्हॉट्सअ‍ॅप', 'व्हॉट्सअ‍ॅप', 'मीडिया', 'व्हॉट्सअ‍ॅप व्हिडिओ' असं आत आत गेलं की 'सेंट' सापडतो. मूळ प्रत गॅलरीत आहे याची खात्री करून हा रिकामा करता येतो.

पण या रस्त्यानं गेलात तर शेजारचा एक फोल्डर डोळ्यांनी पाहा आणि हात मागे घ्या. त्याचं नाव 'व्हॉट्सअ‍ॅप व्हॉइस नोट्स'.

माझी चूक

हे काम नवीन नवीन होतं तेव्हा गावातली एक मावशी फोन घेऊन आली. ३२ जीबीचा फोन, गच्च भरलेला. दुकानात गर्दी होती. मी घाईत फाइल मॅनेजरमधून व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरमध्ये शिरले. व्हॉइस नोट्समध्ये आठवड्या-आठवड्याचे आकड्यांचे फोल्डर असतात, आधी साल, मग आठवडा. वाटलं, एवढे फोल्डर आहेत म्हणजे लई जागा खाल्ली असेल. सगळे निवडले, पुसले. मग व्हिडिओ पुसले, मग इतर. मावशी खुशीत गेली, मला दहा रुपये देत होती, मी घेतले नाहीत.

चौथ्या दिवशी परत आली. फोन माझ्यासमोर धरला.

"माय, थे आईचं बोलनं होतं ना यात. कुठी गेलं?"

तिची आई पुसदकडची. लिहिता येत नव्हतं, म्हणून बटण दाबून बोलायची. पोयाले येतं का, करंज्या ठेवल्या आहेत, जावयाले सांग. असलं सगळं. आई वारून सात-आठ महिने झाले होते. चॅट तसंच होतं, नोटांच्या ओळी दिसत होत्या. दाबलं की आवाज नाही. पाठवणाऱ्याला परत पाठवायला सांगा, असा मेसेज येत होता.

व्हॉट्सअ‍ॅप आपल्या फोनमध्ये पोचलेली नोट स्वतःकडे साठवून ठेवत नाही. फोनमधली फाइल गेली की गेली. गुगलवर बॅकअप असता तर उतरवता आली असती. तिचा बॅकअप बंद होता, कारण फोन पोरानं घेऊन दिलेला आणि जीमेलचा पासवर्ड पुण्यात. मी दोन दिवस खटपट केली. काही मिळालं नाही. मावशी भांडली नाही. "राहू दे माय" म्हणाली आणि उठली. भांडली असती तर बरं झालं असतं.

मला सगळ्यात जास्त लागलं ते नंतर. तो अख्खा फोल्डर किती होता ते आठवून पाहिलं: १९० एमबी. ३२ जीबीच्या फोनमधले १९० एमबी. मिनिटभराची व्हॉइस नोट साधारण शे-दोनशे केबीची असते. एका जीबीत पाच हजार मिनिटं बोलणं मावतं. आणि त्याच फोनमध्ये मी न पाहता सोडलेला एक व्हिडिओ होता, लग्नातल्या बँडचा, २१० एमबी.

तेव्हापासून व्हॉइस नोट मी कोणाच्याच फोनमधून पुसत नाही, कोणी सांगितलं तरी. उलट विचारते, कोणाचा आवाज ठेवायचा आहे का? असेल तर नोटवर बोट दाबून धरायचं, 'शेअर' करायचं आणि गुगल ड्राइव्हमध्ये किंवा स्वतःच्याच ईमेलवर पाठवायची. फाइलचं नाव नुसते आकडे आणि अक्षरं असतात, ते बदलून 'आई पोळा' असं काही लिहून ठेवायचं. नाहीतर दोन वर्षांनी कोण ओळखणार.

पुसलं तरी जागा का होत नाही

"बाई, शंभर फोटो उडवले, तरी फुलच." हे मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. फोटो उडालेले नसतात, डब्यात पडलेले असतात. गॅलरीत 'रीसायकल बिन' किंवा 'ट्रॅश' शोधा. बहुतेक फोनमध्ये पुसलेला फोटो तिथं ३० दिवस पडून राहतो आणि तेवढीच जागा खातो. फाइल मॅनेजरचा डबा वेगळा, गुगल फोटोजचा वेगळा. काकांच्या गॅलरीच्या डब्यातून ४ जीबी निघाले. घाई असेल तर सगळ्यात आधी हाच रिकामा करा. पण उघडून पाहून. चुकून पडलेलं परत काढायची ती शेवटची संधी.

गुगल फोटोजबद्दल थोडं थांबून सांगते, कारण इथं पुष्कळ जण रडतात. हे अ‍ॅप फोटोची एक प्रत गुगलकडे ठेवतं. १५ जीबीपर्यंत फुकट, आणि त्या १५ मध्ये जीमेल, ड्राइव्ह आणि आता व्हॉट्सअ‍ॅपचा बॅकअपही मोजला जातो. १ जून २०२१ च्या आधी फोटो जरा दाबून ठेवले तर कितीही ठेवता यायचे, ते दिवस गेले. प्रत वर चढली असेल तर अ‍ॅपमध्ये उजवीकडे तुमच्या गोल चित्रावर दाबा, 'फ्री अप स्पेस' दिसेल. ते फोनमधली प्रत काढतं, गुगलकडची ठेवतं. हे बरोबर. पण गुगल फोटोजमध्ये एकेक फोटो निवडून साधा डिलीट केलात तर दोन्हीकडची प्रत जाते. "वरती आहे ना" म्हणून खालून पुसणारे इथं फसतात. 'फ्री अप स्पेस' आणि 'डिलीट' हे दोन वेगळे दरवाजे आहेत.

चढवायला वेळ लागतो. आमच्याकडे संध्याकाळी टॉवरवर गर्दी असते. रात्री चार्जिंगला लावून ठेवा, सकाळी बघा.

फोटोंपेक्षा स्वतः काढलेले व्हिडिओ जड. फुल एचडीत एक मिनिट म्हणजे साधारण १०० ते १५० एमबी. फोरके, म्हणजे त्याहून बारीक चित्र, ठेवलं तर त्याच्या तिप्पट. तान्ह्या पोळ्यात नातवाचा लाकडी बैल दाखवायला फोरके कशाला लागतं? कॅमेऱ्याच्या सेटिंगमध्ये जाऊन १०८०, म्हणजे फुल एचडी, किंवा ७२० करून ठेवा.

कॉल रेकॉर्डिंग

काकांच्या ऑडिओचे ३ जीबी कुठून आले? प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होत होता, चार वर्षांपासून. बऱ्याच शेतकऱ्यांच्या फोनमध्ये हे सापडतं, आणि कारण खरं असतं. व्यापारी फोनवर एक भाव बोलतो, गाडी उतरवल्यावर दुसरा. रेकॉर्डिंग असलं की तोंड बंद करता येतं. म्हणून बंद करा असं मी म्हणत नाही. फोनच्या डायलरमध्ये सेटिंग, मग 'कॉल रेकॉर्डिंग'. तिथं सगळ्या नंबरांऐवजी निवडक नंबर ठेवता येत असतील तर तसं करा. जुन्यातलं व्यवहाराचं आणि माणसांचं वेगळं काढा. बाकी "कुठी हायेस? येतो" असले हजारभर कॉल असतात, ते जाऊ द्या.

'कॅश' पुसा, 'डेटा' नाही

सेटिंगमध्ये अ‍ॅपच्या नावावर दाबलं की दोन बटणं दिसतात. 'क्लिअर कॅश' दाबलं तर तात्पुरता कचरा जातो, नुकसान काही नाही. फेसबुक, इन्स्टाग्राम, क्रोम यांत तो बराच साठतो. 'क्लिअर डेटा' किंवा 'क्लिअर स्टोरेज' दाबलं तर अ‍ॅप नव्यानं टाकल्यासारखं होतं: लॉगिन गेलं, आत साठवलेलं गेलं, पाठवायचं राहिलेलंही गेलं. पीक पाहणीची नोंद भरून ठेवली आहे, रेंज नाही म्हणून अपलोड राहिलं आहे, आणि तुम्ही जागेसाठी त्याच अ‍ॅपचा डेटा पुसला, तर परत वावरात जा. अंगणवाडीच्या ताईंना मी हे दोनदा सांगते, त्यांच्या कामाच्या अ‍ॅपमध्येही तसंच होऊ शकतं.

टेलिग्रामचं मात्र उलट. त्याचा माल टेलिग्रामच्याच सर्व्हरवर राहतो. सेटिंगमध्ये 'डेटा अँड स्टोरेज', मग 'स्टोरेज युसेज', मग 'क्लिअर कॅश'. लागेल तेव्हा चॅटमधून परत उतरवता येतं. शिकणाऱ्या पोरांच्या फोनमध्ये एमपीएससीच्या ग्रुपांनी दहा-दहा जीबी खाल्लेले पाहिलेत. यूट्युबमध्ये डाउनलोड करून ठेवलेले व्हिडिओही तपासा, ते गॅलरीत दिसत नाहीत.

न लागणारं अ‍ॅप काढायला जीव होत नसेल तर प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये 'ऑटोमॅटिकली अर्काइव्ह अ‍ॅप्स' चालू करा. जागा कमी पडली की न वापरलेलं अ‍ॅप आकसतं, चिन्ह आणि तुमची माहिती राहते, दाबलं की परत उतरतं.

फोन साफ करून देणारी, बूस्टर म्हणवणारी अ‍ॅप टाकू नका. स्वतःच जागा खातात आणि वरून जाहिराती. गुगलचं 'फाइल्स' पुरे आहे. त्यात 'क्लीन' दाबलं की दुहेरी फाइली, मोठ्या फाइली, जुने स्क्रीनशॉट वेगवेगळे दिसतात. डाउनलोड फोल्डरही तिथूनच पाहा. एकच सातबारा एक, दोन, तीन असे कंस लागून आठदा उतरलेला असतो. त्याला वजन नाही, पण लागतो तेव्हा सापडत नाही. तिथं शेवटी 'एपीके' असं नाव असलेली, म्हणजे उघडली की अ‍ॅप बसवणारी, फाइल दिसली, पीएम किसानच्या नावानं किंवा गाडीच्या दंडाच्या नावानं आलेली, तर ती उघडू नका, पुसा. सरकारी पैसे एपीकेतून येत नाहीत, जातात मात्र.

बाजारातलं कार्ड

आठवडी बाजारात कोणी २५० रुपयांत ५१२ जीबीचं कार्ड देत असेल तर घेऊ नका. खरी जागा आठ-सोळा जीबीची असते, फोनला मात्र ५१२ दाखवते. भरत गेलं की जुन्यावर नवं लिहिलं जातं आणि फोटो उघडायला गेलं की राखाडी पट्टे. आमच्याकडच्या एका लग्नाचा अख्खा अल्बम असा गेला. पक्क्या बिलाचं ६४ चं कार्ड घ्या, किंवा फोनला आणि कॉम्प्युटरला दोन्हीकडून लागणारा ओटीजी पेन ड्राइव्ह. फाइल मॅनेजरमधून 'मूव्ह' करण्याऐवजी आधी 'कॉपी' करा, पेन ड्राइव्हवर दोन-चार फाइली उघडून पाहा, मगच फोनमधल्या पुसा. व्हॉट्सअ‍ॅप स्वतः कार्डावर हलवता येत नाही, त्यातला माल हलवता येतो.

आणि वावरात उभे असताना फोन अडला तर? गॅलरीचा डबा रिकामा करा, एखादा जड व्हिडिओ उडवा, फोन एकदा बंद करून चालू करा. चार-पाचशे एमबी झाली की कॅमेरा उघडतो. बाकीचं घरी बसून.

काकांचा फोन साडेआठला झाला. २३ जीबी मोकळे. पिक्चर गेला, कीर्तनाचे अकरापैकी नऊ तुकडे गेले, जाहिराती गेल्या. ३८० एमबीच्या शंकरपटावर मी खूण केली आणि नियमाप्रमाणे त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. काकांनी माझं मनगटच धरलं.

"थो नाई. थ्यात माही जोडी हाय."

धुळीतून दोन पांढरे ठिपके पळताना दिसले, सेकंद-दीड सेकंद. त्यातला डावीकडचा गेल्या उन्हाळ्यात गेला, म्हणाले. मी तो व्हिडिओ पेन ड्राइव्हवर घेतला, आणि फोनमध्येही राहू दिला.